गल्ला आणि हिशेब : ‘ब्लेड रनर २०४९’

एखादा चित्रपट चालला कीं पडला, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. तिकिटांच्या खिडकीवर किती पैसा जमला तें पाहावें, चित्रपट काढावयास किती लागला तें पाहावें, आणि पहिल्या रकमेंतून दुसरी वजा करावी. मराठी चौथीचा विद्यार्थीहि हें उदाहरण पाटीवर सोडवील. परंतु ६ ऑक्टोबर २०१७ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झालेल्या ‘ब्लेड रनर २०४९’ ह्या चित्रपटाच्या बाबतींत हें उदाहरण असें सोडविलें तर उत्तर साफ चुकतें. जगभरच्या चित्रगृहांत मिळून त्याचीं सुमारे २६ ते २७ कोटी डॉलरांचीं तिकिटें खपलीं. त्याच्या निर्मितीचा खर्च, सरकारी सवलती वजा जातां, १५ कोटी डॉलरांच्या आसपास सांगितला जातो. पाटीवरची वजाबाकी ११-१२ कोटींचा नफा दाखविते. प्रत्यक्षांत मात्र ज्यांनीं त्यांत पैसा घातला त्यांच्या पदरीं तोटा आला, आणि तो ८ कोटी डॉलरांपर्यंत असावा असे अंदाज त्या व्यवसायाच्या पत्रांतून प्रसिद्ध झाले. अकरा कोटींचा नफा आणि आठ कोटींचा तोटा ह्यांमधील अंतर कोठें गेलें, हें पाहिल्यावांचून त्या चित्रपटाच्या यशापयशाविषयीं बोलण्यांत अर्थ नाहीं.

हा चित्रपट एका जुन्या चित्रपटाचा उत्तरभाग होय. मूळचा ‘ब्लेड रनर’ २५ जून १९८२ रोजीं अमेरिकेंत लागला. रिडले स्कॉट हे त्याचे दिग्दर्शक, आणि फिलिप के. डिक ह्यांच्या १९६८ सालच्या एका कादंबरीवर तो आधारलेला होता. भविष्यकाळांतील, म्हणजे त्यावेळीं भविष्यकाळांत असलेल्या २०१९ सालच्या लॉस एंजेलिस शहरांत ती कथा घडते. मनुष्यानें मनुष्यासारखींच घडविलेलीं कृत्रिम माणसें दास्यांतून पळून येतात, आणि त्यांना हुडकून ठार मारण्याचें काम एका पोलिसाकडे सोंपविलें जातें. मारणारा अधिक माणूस कीं मरणारा अधिक माणूस, असा प्रश्न शेवटीं पाहणाऱ्याच्या मनांत उरतो. अंधार, पाऊस, धूर आणि उदासपणा ह्यांनीं भरलेला हा चित्रपट नेमका अशा वेळीं आला कीं, दोनच आठवडे आधीं स्पीलबर्ग ह्यांचा ‘ई. टी.’ लागून साऱ्या देशाचीं मुलेंबाळें त्या गोजिरवाण्या परग्रहवासी पाहुण्यासाठीं डोळे पुसत होतीं. ‘ब्लेड रनर’ला सुमारे २.८ ते ३ कोटी डॉलर खर्च आला होता. अमेरिकेंत त्याचा गल्ला झाला पावणेतीन कोटींच्या आसपास. म्हणजे तो पडला, आणि त्याविषयीं त्यावेळीं कोणाचें दुमत नव्हतें.

मृत ठरलेला हा चित्रपट पुढें हळूहळू जिवंत झाला. घरोघर ध्वनिचित्रफिती आल्या, आणि चित्रगृहांत न गेलेल्या माणसांनीं तो घरीं बसून पाहिला. १९९२ सालीं त्याची दिग्दर्शकाच्या मतानुसार बांधलेली प्रत निघाली, १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहासाठीं त्याची निवड झाली, आणि २००७ सालीं अखेरची म्हणून आणखी एक प्रत निघाली. विद्यापीठांतून त्याजवर प्रबंध झाले. त्याच्यानंतर निघालेल्या कितीतरी चित्रपटांतील शहरें त्याच्या शहराचीं भावंडें वाटावीं इतकीं त्याच्यासारखीं दिसूं लागलीं. कीर्ति मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु कीर्तीची हुंडी प्रत्येक पेढीवर वटतेच असें नाहीं. आणि ही कीर्ति अशा लोकांत पसरली होती कीं ज्यांनीं त्या चित्रपटासाठीं तिकीट म्हणून बहुधा कधीं काढलेंच नव्हतें.

ह्या कीर्तीच्या भरंवशावर उत्तरभागाची उभारणी झाली. २०११ सालीं अल्कॉन एंटरटेनमेंट ह्या संस्थेनें हक्क मिळविले. रिडले स्कॉट ह्यांनीं निर्मितीच्या बाजूस राहून दिग्दर्शन कॅनडाचे डेनी विलनव्ह ह्यांच्या हातीं दिलें. सत्तरी ओलांडलेले हॅरिसन फोर्ड आपल्या जुन्या भूमिकेंत परत आले आणि तरुण नायकाचें काम रायन गॉसलिंग ह्यांनीं केलें. चित्रण २०१६ सालीं हंगेरींत झालें. तेथील सरकार परदेशी चित्रपटांना खर्चाचा कांहीं भाग परत देतें. म्हणूनच ह्या चित्रपटाचा खर्च कोठें १८.५ कोटी डॉलर तर कोठें १५ कोटी डॉलर असा दोन प्रकारें छापलेला आढळतो. एक सवलतीपूर्वींचा, दुसरा सवलतीनंतरचा. पैसा मुख्यतः अल्कॉन आणि सोनी ह्या दोघांचा. अमेरिकेंतील वितरणाचें काम मात्र वॉर्नर ब्रदर्सकडे होतें. तयार झालेला चित्रपट १६३ मिनिटांचा भरला. समीक्षकांनीं त्याचें तोंड भरून कौतुक केलें. प्रदर्शनाच्या आठवड्यांत असें वातावरण होतें कीं, पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेंत साडेचार-पांच कोटी डॉलर सहज जमतील. जमले ३.२८ कोटी.

अमेरिकेंत चित्रपटाचें भवितव्य शुक्रवार, शनिवार आणि रविवार ह्या तीन दिवसांत ठरविण्याची रूढि पडून गेली आहे. वृत्तपत्रांना रविवारीं सकाळीं जे आंकडे पुरविले जातात त्यांत रविवारच्या उत्पन्नाचा केवळ अंदाज धरलेला असतो, कारण रविवारचे खेळ तोंवर व्हावयाचेच असतात. उत्तरपत्रिका तपासून होण्यापूर्वींच निकाल फळ्यावर लावण्याचा हा प्रकार आहे. ह्या घाईंत कधीं कधीं केवढी चूक होते तें पाहण्यास ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ हा चित्रपट पुरेसा आहे. जेम्स कॅमेरॉन ह्यांचा हा उत्तरभाग डिसेंबर २०२२ मध्यें लागला. अमेरिकेंत पहिल्या तीन दिवसांत त्यानें १३.४ कोटी डॉलर मिळविले; परंतु १५ कोटींच्या वर अपेक्षा बोलून दाखविल्या गेल्या होत्या, म्हणून ‘अपेक्षाभंग’ हा शब्द कांहींनीं लागलीच वापरला. पुढें त्या चित्रपटानें एकट्या अमेरिकेंत व कॅनडांत ६८ कोटी आणि जगभर मिळून २३० कोटींहून अधिक डॉलर मिळविले. पहिल्या ‘अवतार’नें जगभर सुमारे २९० कोटी मिळविलेले असल्यामुळें उत्तरभाग पूर्वभागाहून मागेंच राहिला; तरीहि त्याला अपयशी म्हणण्यास कोणी धजणार नाहीं.

परंतु म्हणून ‘ब्लेड रनर २०४९’च्या बाबतींतहि पहिल्या रविवारचा निकाल चुकला असें मानावयाचें काय? नाहीं. पहिल्या तीन दिवसांच्या उत्पन्नास एकूण उत्पन्नाशीं ताडून पाहावें, म्हणजे चित्रपटाच्या पायांत किती बळ होतें तें कळतें. ‘अवतार’चा उत्तरभाग पहिल्या तीन दिवसांच्या पांचपट चालला. ‘ब्लेड रनर २०४९’चें अमेरिकेंतील एकूण उत्पन्न ९.२ कोटी, म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या २.८ पट भरलें. ही पट वाईट नाहीं, सामान्य आहे. एकानें पाहून दुसऱ्यास सांगावें, दुसऱ्यानें तिसऱ्यास ओढून न्यावें, आणि महिन्याभरांत चित्रपटानें आपलें आरंभींचें अपयश धुऊन काढावें, असें कांहीं घडलें नाहीं. घाईनें दिलेला निकाल ह्या खेपेस खरा ठरला.

आतां नफ्याचा तोटा कसा झाला तें पाहूं. गल्ला म्हणून जी रक्कम वर्तमानपत्रांत छापली जाते ती प्रेक्षकांच्या खिशांतून निघालेली रक्कम होय; निर्मात्याच्या पेटींत पडलेली नव्हे. मुंबईच्या चित्रपट-व्यवसायांतहि ‘शंभर कोटी’ म्हणून जो डंका वाजतो त्यांत करापूर्वींची रक्कम, करानंतरची रक्कम आणि वितरकाचा प्रत्यक्ष वांटा ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि जाहिरातींत त्यांतील सर्वांत फुगीर तेवढी झळकते. अमेरिकेंत स्थूलमानानें निम्मा पैसा चित्रगृहांचे मालक ठेवून घेतात. परदेशांत वितरकाकडे परत येणारा भाग त्याहून कमी, सरासरीनें शेकडा ४० धरला तर फारसें चुकणार नाहीं. चीनमध्यें तर तो शेकडा २५ इतकाच असतो. ह्या मानानें हिशेब मांडला तर अमेरिकेंतील ९.२ कोटींपैकीं ४.६ कोटी हातीं आले. बाहेरच्या सुमारे १७ कोटींपैकीं ६.८ कोटी आले. बेरीज ११.४ कोटी. चित्रपट काढावयास लागलेले १५ कोटीहि त्यांतून फिटत नाहींत.

शिवाय जाहिरात राहिलीच. एवढ्या मोठ्या चित्रपटाची जगभर दवंडी पिटावयास निर्मितीच्या निम्म्याहून अधिक, कधीं कधीं जवळजवळ तितकाच पैसा लागतो. अगदीं निम्मा धरला तरी एकूण खर्च साडेबावीस कोटींवर जातो, आणि चित्रगृहांतून आलेले ११.४ कोटी वजा केले असतां तूट ११ कोटींची दिसते. ती पुढें दूरचित्रवाणीचे हक्क, घरगुती प्रती व अन्य विक्री ह्यांनीं हळूहळू कमी होत जाते. ८ कोटींचा अंदाज कोठून आला असावा तें ह्यावरून ध्यानांत येतें; आणि जमाखर्चाचीं दोन्ही अंगें जुळण्यास जगभर ४० कोटींच्या आसपास गल्ला व्हावयास हवा होता असें जें त्यावेळीं म्हटलें गेलें, तेंहि ह्याच त्रैराशिकाचें उत्तर आहे. हा हिशेब ढोबळ खरा. निर्मात्यांच्या खातेवह्या कोणी बाहेर दाखवीत नाहींत. परंतु ढोबळ हिशेबांतहि दिशा चुकत नाहीं, आणि ह्या हिशेबाची दिशा एकच आहे.

तोटा ठरला कीं त्याचें खापर फोडावयास डोकीं शोधलीं जातात. पहिलें डोकें लांबीचें. खुद्द रिडले स्कॉट ह्यांनींच चित्रपट फार लांब व संथ झाल्याचें पुढें बोलून दाखविलें. पावणेतीन तासांचा खेळ असला कीं दिवसाचा एखादा खेळ कमी होतो हें खरें. पण ‘अवतार’चा उत्तरभाग १९२ मिनिटांचा आहे, आणि ह्याच विलनव्ह ह्यांचा ‘ड्यून’चा दुसरा भाग १६६ मिनिटांचा, म्हणजे ‘ब्लेड रनर २०४९’हून तीन मिनिटांनीं लांबच आहे. २०२४ सालीं त्यानें जगभर ७१ कोटी डॉलर मिळविले. लांबीवरचा आरोप येथेंच गळून पडतो.

दुसरा आरोप जाहिरातीवर. कथेंतील एकहि रहस्य फुटूं नये ह्याची दिग्दर्शकास इतकी काळजी कीं समीक्षकांसहि कथानक उघड न करण्याविषयीं विनंती केली गेली. त्यामुळें पूर्वभाग न पाहिलेल्या तरुणास हा चित्रपट कशाविषयीं आहे हेंच कळेना. ह्या आरोपांत तथ्य आहे. पहिल्या आठवड्यांतील प्रेक्षकवर्गांत बहुसंख्य पुरुष होते आणि पंचविशीच्या वरचे अधिक होते. स्त्रिया व कुमारवयीन मुलें फारशीं आलीं नाहींत. सतरा वर्षांखालील मुलांस वडील माणसाशिवाय आंत सोडावयाचें नाहीं असा शेराहि चित्रपटावर होता, आणि ‘ड्यून’वर तसा नव्हता. हीं सर्व कारणें थोडथोडीं खरीं आहेत. तथापि त्या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते कीं, ह्या चित्रपटास प्रेक्षक फार कमी मिळाले. तीच तपासून पाहावयास हवी.

त्यासाठीं डॉलर बाजूस ठेवून माणसें मोजलीं पाहिजेत. १९८२ सालीं अमेरिकेंत चित्रपटाच्या तिकिटाची सरासरी किंमत २.९४ डॉलर होती. २०१७ सालीं ती ८.९७ डॉलर झाली. पूर्वभागाच्या पावणेतीन कोटी डॉलरांस २.९४ नें भागलें तर सुमारे ९३ लाख तिकिटें येतात. उत्तरभागाच्या ९.२ कोटींस ८.९७ नें भागलें तर सुमारे १ कोटी २ लाख येतात. मोठ्या पडद्यावरच्या महागड्या जागांमुळें प्रत्यक्ष तिकिटें ह्याहून कांहीं कमी असतील. लोकसंख्याहि मधल्या काळांत २३ कोटींवरून ३२ कोटींवर गेली, हेंहि विसरूं नये. तरी पण एवढें दिसतें कीं, पस्तीस वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील जितक्या माणसांनीं ‘ब्लेड रनर’साठीं तिकीट काढलें, जवळजवळ तितक्याच माणसांनीं पस्तीस वर्षांनंतर पुन्हां काढलें. तेवढ्या काळांत जमलेल्या साऱ्या कीर्तीनें त्या संख्येंत विशेष भर घातली नाहीं, आणि ती घटविलीहि नाहीं. अशा गंभीर, मंदगति, निराशेच्या रंगांत रंगविलेल्या कथेस अमेरिकेंत सुमारे एक कोटी गिऱ्हाईक आहे. १९८२ सालीं होतें, २०१७ सालीं होतें.

आतां खर्चाची बाजू पाहावी. १९८२ ते २०१७ ह्या काळांत अमेरिकेंतील सर्वसाधारण किंमती सुमारे अडीचपट झाल्या. पूर्वभागाचा २.८ ते ३ कोटींचा खर्च २०१७ च्या भावानें ७ ते ७.५ कोटी होतो. उत्तरभागास लागले १५ कोटी, सवलती न धरल्यास साडेअठरा. गिऱ्हाईक तेवढेंच आणि मालाची लागत दुप्पट. म्हणून ह्या चित्रपटास प्रेक्षक कमी पडले असें म्हणण्यापेक्षां त्याला खर्च अधिक झाला असें म्हणणें सत्यास धरून होईल. पूर्वभागच तेवढ्या प्रेक्षकांवर नीट पोसला गेला नव्हता. दुप्पट खर्चाचा उत्तरभाग तेवढ्यांवर कसा पोसला जाईल, हा प्रश्न २०१६ सालीं कागदावर मांडतां येण्यासारखा होता.

ह्याला प्रमाण त्याच दिग्दर्शकाच्या घरांतच सांपडतें. विलनव्ह ह्यांचा ‘अरायव्हल’ हा चित्रपट ह्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०१६ सालीं आला. तो परग्रहवासीयांविषयींचा, पण तोहि संथ, तोहि विचार करावयास लावणारा. त्याची नायिका भाषाशास्त्राची अध्यापिका आहे आणि तिचें मुख्य शस्त्र व्याकरण आहे. (शाळामास्तरांनीं तरी तो पाहावयास हरकत नाहीं.) त्यास खर्च आला ४.७ कोटी डॉलर, आणि जगभर त्यानें २० कोटींच्या वर गल्ला केला. वांटणी होऊन निम्मा जरी परत आला असें धरलें तरी खर्चाच्या दुप्पट झाला. ‘ब्लेड रनर २०४९’नें ह्याहून पुष्कळ अधिक तिकिटें विकलीं, अधिक माणसांस रिझविलें, आणि तो बुडाला व हा तरला.

तेव्हां तोच चित्रपट सात-आठ कोटींत काढला असता तर, असें कोणी सहज विचारील. विचारणें सोपें आहे. ज्यांनीं तो चित्रपट पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं त्याचें निम्मेंअधिक सामर्थ्य त्याच्या विस्तारांत आहे: नारिंगी धुळींत बुडालेलें ओसाड नगर, पाण्यावर हलणाऱ्या प्रकाशानें भरलेलीं प्रचंड दालनें, कारागिरांनीं हातांनीं घडविलेलीं इमारतींचीं लहान प्रतिरूपें. छायालेखक रॉजर डीकिन्स ह्यांचें नांव पारितोषिकासाठीं त्यापूर्वीं तेरा वेळां सुचविलें गेलें होतें आणि तेराहि वेळां हुकलें होतें. चौदाव्या वेळीं, २०१८ च्या मार्चमध्यें, ह्याच चित्रपटासाठीं तें त्यांस मिळालें. दृश्यचमत्कृतीचें पारितोषिकहि ह्याच चित्रपटास मिळालें. हा विस्तार काढून घेतला असता तर एक कोटी प्रेक्षकांपैकीं कितीजण आले असते, कोणास सांगतां येईल? गंधर्व नाटक मंडळीचे शालू, गालिचे आणि अत्तर काढून घेतलें असतें तर मंडळी कर्जांत बुडाली नसती असें म्हणणारे लोक आपल्याकडेहि होते. पण रसिक जें पाहावयास येत होते त्यांत त्या शालूंचा आणि अत्तराचा वांटा होताच.

ह्यावरून एक वाद नेहमीं उपस्थित होतो. कित्येकांचें म्हणणें असें कीं, पारितोषिकें मिळालीं, जाणत्यांनीं गौरव केला, पुढील काळांत घरोघर तो पाहिला जाऊं लागला, मग त्यास अपयशी कसें म्हणावें? हें बोलणें सहृदयपणाचें आहे, परंतु त्यांत दोन निरनिराळ्या विषयांचे गुण एकमेकांत मिसळले आहेत. संस्कृतांत पहिला आलेला विद्यार्थी गणितांत नापास झाला असेल तर गुणपत्रिकेवर दोन्ही गोष्टी लिहाव्यात. संस्कृताचे गुण गणिताच्या रकान्यांत भरूं नयेत. तिकिटांच्या खिडकीवर ‘ब्लेड रनर २०४९’ अयशस्वी झाला. तो पहिल्या रविवारीं अयशस्वी झाला, वर्षाअखेर अयशस्वी झाला, आणि नंतरच्या कोणत्याहि कीर्तीनें तो निकाल बदलत नाहीं. तसेंच उलट, ह्या निकालाच्या आधारें चित्रपट वाईट होता असें सिद्ध करूं पाहणारेहि तीच चूक दुसऱ्या बाजूनें करतात.

अयश तरी कोणाचें, हेंहि वेगळें पाहावें. चित्रगृहांच्या मालकांनीं आपला निम्मा वांटा घेतला. अमेरिकेंतील वितरकाचें काम दुसऱ्याच्या मालाची दलाली करण्याचें होतें. बुडापेस्टच्या सुतारांची व रंगाऱ्यांची मजुरी त्यांस मिळाली. तूट आली ती ज्यांनीं भांडवल घातलें त्यांस, आणि त्यांतहि अल्कॉनसारख्या लहान संस्थेस ती अधिक झोंबली. मोठी कंपनी असा घाव वर्षाच्या एकूण उलाढालींत जिरवूं शकते. लहानीस तो वर्षानुवर्षें अंगावर वागवावा लागतो.

१९८२ च्या त्याच उन्हाळ्यांत निघालेल्या ‘ट्रॉन’ ह्या डिस्नेच्या चित्रपटाची कथा ह्या ठिकाणीं ताडून पाहण्यासारखी आहे. संगणकाच्या आंतील जगांत शिरलेल्या माणसाची ती गोष्ट त्यावेळीं बेताचीच चालली. २०१० च्या डिसेंबरांत तिचा उत्तरभाग १७ कोटी डॉलर खर्चून काढला गेला आणि त्यानें जगभर ४० कोटी मिळविले. वर ज्या त्रैराशिकानें ‘ब्लेड रनर’ नापास झाला त्याच त्रैराशिकानें हा काठावर येतो. पण तिसऱ्या भागास कंपनीनें पंधरा वर्षें घेतलीं. तो २०२५ च्या ऑक्टोबरांत लागला आणि त्याचा जगभरचा गल्ला त्याच्या नुसत्या निर्मितीच्या खर्चापर्यंतहि पोंचला नाहीं. जुन्या आठवणींच्या भांडवलावर किती वेळां कर्ज काढावें ह्याला मर्यादा आहे असें दिसतें.

‘ब्लेड रनर २०४९’च्या दिग्दर्शकाची गोष्ट मात्र वेगळ्या वळणानें गेली. एवढ्या तुटीनंतर त्यांच्या हातीं पुन्हां मोठा चित्रपट कोणी देणार नाहीं अशी भीति वाटण्याजोगी होती. तसें झालें नाहीं. फ्रँक हर्बर्ट ह्यांची ‘ड्यून’ ही अवजड कादंबरी, जी पडद्यावर आणतांना पूर्वीं इतरांचे हात पोळले होते, ती त्यांच्याकडे सोंपविली गेली. मात्र ह्या खेपेस भांडवलवाल्यांनीं दोरी आंखडून धरली. कादंबरीचे दोन भाग करून दोन्ही एकदमच चित्रित करावे अशी विलनव्ह ह्यांची इच्छा होती. पैसा मिळाला तो एकाच भागासाठीं, सुमारे साडेसोळा कोटी डॉलर. तो भाग २२ ऑक्टोबर २०२१ रोजीं अमेरिकेंत लागला, आणि त्याच दिवसापासून तो तेथें घरबसल्याहि पाहण्याची सोय होती. तरीहि लोक चित्रगृहांत गेले. पहिल्या तीन दिवसांत ४ कोटींच्या वर तिकिटें खपलीं, म्हणजे ‘ब्लेड रनर २०४९’हून अधिक. मंगळवारीं, २६ ऑक्टोबर रोजीं, दुसऱ्या भागास संमति जाहीर झाली.